धावताना इअरफोन: कानात बसावा, पण कान बंद होऊ नये

(सामुदायिक रेडिओवरील भाषणाचं शब्दांकन)



आजचा विषय ऐकून काही जणी म्हणतील, इअरफोन कानात घालायचा त्यात काय शिकायचं? पण आपल्या राहनाळ, पूर्णा, काल्हेरच्या पट्ट्यात सकाळी बाहेर पडून बघा. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुली पळताहेत. डॉक्टरांनी साखरेसाठी चालायला सांगितलंय म्हणून निघालेल्या काकी झपझप चालताहेत, मधेच थोडं पळूनही बघताहेत. गोदामातली पाळी सुरू व्हायच्या आधी अर्धा तास स्वतःसाठी काढणाऱ्या ताई आहेत. यातल्या बऱ्याच जणींच्या कानात इअरफोन असतो, आणि दर शंभर पावलांवर एक हात कानाकडे जातो. निसटलेला इअरफोन आत ढकलायला.

तक्रारी दोनच असतात. एक, पळताना इअरफोन पडतो. दुसरी, पडू नये म्हणून घट्ट बसवला की कान दुखतो. या दोन्हींवर उपाय आहेत आणि ते आपण बघूच. पण तिसरी एक गोष्ट आहे, तिच्याबद्दल कुणी विचारत नाही. इअरफोन इतका छान बसला की मागून आलेला कंटेनर ऐकूच आला नाही, तर काय? आपला रस्ता गोदामांचा आहे. म्हणून आज मी जे सांगणार आहे त्याचं सार आधीच सांगून टाकते. इअरफोन धरायचं काम कानाच्या बाहेरच्या वाटीला द्या, कानाच्या भोकाला बूच मारून ते काम करू नका.

आधी कान बघू या

आरशासमोर उभ्या राहा. कानाच्या भोकाभोवती जी खोलगट जागा दिसते, तिला आपण वाटी म्हणू. भोकाच्या पुढे, गालाच्या बाजूला, एक छोटा उंचवटा आहे. त्याच्या समोर, पाळीच्या वर, तसाच दुसरा उंचवटा आहे. या दोघांच्या मधे एक खाच आहे. वायरचा साधा इअरफोन घातला की त्याची दांडी याच खाचेतून खाली उतरते. वाटीच्या वरच्या भागात एक आडवी घडी आहे, तिच्याखाली बोट अडकतं. पळण्यासाठी मिळणाऱ्या काही इअरफोनना रबराचा छोटा पंख असतो, तो या घडीखाली अडकवण्यासाठी असतो.

आता आतली नळी. मोठ्या माणसाच्या कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटर लांब असते आणि ती सरळ नसते, थोडी वळणाची असते. तिचा बाहेरचा एक तृतीयांश भाग मऊ कूर्चेचा आहे. तिथे केस असतात, मळही तिथेच तयार होतो. आतला दोन तृतीयांश भाग हाडाचा आहे आणि त्यावरची कातडी फार पातळ, फार नाजूक. इअरफोनचं रबर फक्त बाहेरच्या मऊ भागात बसायला हवं. ते आतल्या भागाला टेकलं की दुखणारच. कान दुखतो तेव्हा सवय होईल म्हणून कळ काढू नका. तो कान सांगतोय की रबर मोठं आहे, किंवा खूप आत गेलंय.

पळताना तो निसटतो का?

बसल्या जागी तासभर न पडणारा इअरफोन पळताना पाच मिनिटांत का निसटतो? कारणं चार आहेत.

पहिलं, धक्का. प्रत्येक पावलाला शरीर वर-खाली होतं, इअरफोनही होतो. त्याला वायरचं ओझं असेल तर प्रत्येक पावलाला वायर एक छोटा हिसका देते.

दुसरं, जबडा. कानाच्या भोकापुढे बोट ठेवून तोंड उघडा आणि मिटा. आत काहीतरी हलतंय ना? जबड्याचा सांधा नळीच्या अगदी पुढे आहे. तोंड उघडलं की नळीचा आकार बदलतो. पळताना आपण तोंडानं श्वास घेतो, मैत्रिणीशी बोलतो, त्यामुळे रबराची पकड हळूहळू सुटत जाते.

तिसरं, घाम आणि तेल. केसांना रात्री चोपडलेलं तेल सकाळी कानामागे आणि वाटीत उतरलेलं असतं. त्यात घाम मिसळला की रबर साबणासारखं सटकतं.

चौथं कारण सगळ्यात मोठं: रबराचं माप चुकलेलं असतं. पाकिटातून निघाला तसा घातला आणि निघालो, असंच बहुतेक जणी करतात.

रबराचं माप

बहुतेक इअरफोनच्या पाकिटात रबराचे तीन जोड येतात: लहान, मध्यम आणि मोठा. मधला जोड आधीच लावलेला असतो आणि बाकीचे दोन ड्रॉवरमध्ये हरवून जातात. ते शोधून काढा. नसतील तर मोबाइलच्या सामानाच्या दुकानात नुसती रबरं मिळतात. नवा इअरफोन घेण्यापेक्षा ती कितीतरी स्वस्त पडतात.

सगळ्यात लहान रबरापासून सुरुवात करा. ते सैल वाटलं तर मधलं लावा. आपले दोन्ही कान सारखे नसतात, म्हणून उजव्या कानाला मधलं आणि डाव्याला लहान रबर लागलं तर नवल वाटून घेऊ नका. बायकांच्या कानाची नळी पुरुषांपेक्षा सरासरीनं अरुंद असते. त्यामुळे घरातल्या दादाचा किंवा नवऱ्याचा इअरफोन उचलून नेला की तो दुखतो किंवा पडतो, यात आपल्या कानाचा काही दोष नाही.

माप बरोबर आहे का, हे घरीच बघा. दोन्ही इअरफोन घाला. जागच्या जागी वीस उड्या मारा. मान ‘हो’ म्हणताना हलवतो तशी हलवा, मग ‘नाही’ म्हणताना हलवतो तशी. तोंड मोठं उघडून मिटा. एवढं करून जागेवर राहिला आणि पाच मिनिटांनी कुठे टोचत नसेल, तर माप जमलं.

काळ्या किंवा पांढऱ्या रबराऐवजी स्पंजासारखी मऊ बोंडंही मिळतात. ती बोटांनी दाबून बारीक करायची, कानात घालायची आणि अर्धा मिनिट बोटानं धरून ठेवायची. ती फुगून नळीचा आकार घेतात. टोचत नाहीत, सहसा निसटत नाहीत. पण बाहेरचा आवाज ती खूप अडवतात. म्हणून ती घरात किंवा जिममध्ये ठीक आहेत, रस्त्यावर नकोत.

घालायची रीत

आधी कान आणि कानामागची जागा कोरड्या रुमालानं पुसा. तेल असेल तर ओल्या फडक्यानं पुसून मग कोरडी करा. इअरफोनवर ‘एल’ म्हणजे डावा आणि ‘आर’ म्हणजे उजवा असं लिहिलेलं असतं, ते बघा. उलटसुलट घातला तर त्याचा कोन कानाशी जमत नाही आणि तो पडतोच.

उजव्या कानात घालायचा असेल तर डावा हात डोक्यावरून किंवा मागून नेऊन कानाचा वरचा भाग हलकेच वर आणि मागे ओढा. त्यानं वळणदार नळी थोडी सरळ होते. आता उजव्या हातानं इअरफोन आत ठेवा, किंचित फिरवा आणि कान सोडून द्या. नळी पुन्हा आपल्या आकारात येते आणि रबराला अलगद धरते. बोटानं ठोकून आत घालण्याची गरज पडत नाही.

वायरचं काय करायचं?

आपल्यापैकी कितीतरी जणी मोबाइलवर रेडिओ ऐकतात, आणि ज्या मोबाइलमध्ये एफएम असतो तो बहुतेक वेळा वायरचा इअरफोन जोडल्याशिवाय चालतच नाही. कारण ती वायरच अँटेनाचं काम करते. सामुदायिक रेडिओला सरकारी परवानगीच कमी ताकदीची असते, सर्वसाधारणपणे १०० वॉटपर्यंत. त्यामुळे आमचा आवाज दहा-पंधरा किलोमीटरच्या टापूतच नीट पोचतो. पळताना खरखर वाढली तर आधी बघा, सगळी वायर गुंडाळून गोळा करून खिशात कोंबलीय का. वायर बऱ्यापैकी मोकळी राहिली की आवाज सुधारतो.

मग ती लोंबू न देता मोकळी कशी ठेवायची? वायर कानाच्या खाचेतून सरळ खाली सोडण्याऐवजी कानावरून घ्या. म्हणजे इअरफोन कानात घातल्यावर वायर वर न्या, कानाच्या मुळावरून मागे वळवा, मग खाली सोडा. चष्म्याची दांडी जिथून जाते तिथून. आता वायरला बसणारा हिसका कानाच्या मुळाला लागतो, इअरफोनला लागत नाही. वायर कपड्यावर घासल्याची खरखरही कमी होते. दांडीच्या आकारामुळे काही इअरफोन असे बसत नाहीत. त्यांच्या बाबतीत डावा-उजवा बदलून, उलटा धरून बघायला हरकत नाही.

पुढे ती वायर मानेमागे घ्या, किंवा कुडत्याच्या, टी-शर्टच्या आतून खाली न्या. मंगळसूत्र, चेन, ओळखपत्राची दोरी यांच्यात ती गुंतते, म्हणून मंगळसूत्र आधी आत टाका आणि वायर पाठीकडून घ्या. गळ्यापाशी एक छोटा चिमटा लावून ती धरून ठेवता येते. चिमटा नसेल तर सेफ्टी पिन चालेल, पण पिन वायरमध्ये टोचायची नाही. पिनेच्या पोटातून वायर सरकती राहू द्यायची. मग मान पूर्ण डावीकडे आणि उजवीकडे वळवून बघा. कानाला ताण जाणवला तर वर थोडी ढील द्या.

मोबाइल हातात धरून पळू नका. हात पुढे-मागे होतो तसा प्रत्येक झोक्याला वायरला ओढ बसते. कमरेचा पट्टा, आतला खिसा, घट्ट बसणारी छोटी पिशवी, काहीही चालेल, फक्त फोन अंगाशी स्थिर राहिला पाहिजे.

कुडी, बुगडी, केस आणि स्कार्फ

इअरफोनबरोबर येणाऱ्या कागदावर हे लिहिलेलं नसतं, पण आपल्या कानात नुसता इअरफोन नसतो. मोठे झुबे किंवा लोंबते डूल असतील तर ते पळताना वायरवर आपटतात आणि पाळीही ओढली जाते. पळायला जाताना छोटी कुडी किंवा साधी टिकली ठेवा. बुगडी किंवा कानाच्या वरच्या कडेला टोचलेली बाळी असेल, तर कानावरून जाणारा आकडा किंवा वायर तिथेच दाबते. नवीन टोचलेलं असेल तर ते भरेपर्यंत आकड्याचा इअरफोन वापरू नका. घाम आणि घासणं यानं तिथे पिकतं.

केस मोकळे असले की ते रबर आणि कातडी यांच्या मधे शिरतात, आणि मग काहीच टिकत नाही. वेणी घाला किंवा मागे घट्ट बांधा, कानाजवळच्या बटा चापात अडकवा.

आपल्याकडे स्कार्फ, ओढणी, हिजाब घालून पळणाऱ्या मुली पुष्कळ आहेत. कापडानं इअरफोन जागेवर राहतो हे खरं, पण दोन गोष्टी सांभाळा. कापड फार आवळलं तर ते इअरफोनला आत दाबतं आणि वीस मिनिटांत कान ठणकायला लागतो. आणि कापडाच्या दोन-तीन घड्या कानावर आल्या की बाहेरचा आवाज आणखी दबतो. म्हणून आधी इअरफोन बसवा, मग कापड कानावर एकपदरी येईल असं बांधा, आणि हनुवटीखाली वायरला ढील ठेवा.

बिनवायरचे इअरफोन

बिनवायरच्या छोट्या इअरफोनमध्ये हिसक्याचा प्रश्न नाही, हरवण्याचा आहे. पळताना कानातून उडालेला गटारात गेला की गेला. पळण्यासाठीच घेणार असाल तर कानामागे जाणारा आकडा किंवा वाटीत अडकणारा पंख असलेला घ्या. दोन्ही कानांचे इअरफोन मानेमागून जाणाऱ्या पट्ट्यानं जोडलेले असतात, तोही प्रकार चांगला, कारण एक निसटला तरी मानेला लटकून राहतो.

पाकिटावर ‘आयपीएक्स’ आणि पुढे आकडा असतो, तो पाण्यापासून किती बचाव होतो हे सांगतो. आयपीएक्स ४ म्हणजे शिंतोडे आणि घाम चालतो. आयपीएक्स ५ म्हणजे पाण्याचा हलका फवाराही चालतो. आयपीएक्स ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास तगतो. आपल्या पावसात निदान ४ हवा. पण हे इअरफोनचं झालं. चार्जिंगच्या डबीला हे संरक्षण बहुधा नसतंच. घामट इअरफोन तसाच डबीत टाकला की आतल्या पितळी टोकांवर गंज चढतो आणि मग चार्ज होत नाही. पुसून, पाच-दहा मिनिटं वाळवूनच डबीत ठेवा.

घट्ट बसवू, पण ऐकू येईल ना?

आता मुद्द्याची गोष्ट. रबरानं नळी पूर्ण बंद केली की इअरफोन घट्ट बसतो, गाणं भरीव ऐकू येतं, बाहेरचा गोंगाट कमी होतो. कानाला पूर्ण बूच बसलं की नाही हे ओळखायचं असेल तर तोंड मिटून ‘म्’ असा सूर धरा. आवाज डोक्यात घुमला तर नळी बंद आहे. अशा वेळी पळताना स्वतःचीच पावलं डोक्यात धप-धप वाजतात, तेही यामुळेच.

हे घरातल्या ट्रेडमिलवर चांगलं. पण काशेळीपासून अंजूरफाट्यापर्यंतच्या रस्त्यावर? इथे कंटेनर आहेत, टेम्पो आहेत, मेट्रोच्या कामानं रस्ता जागोजागी अरुंद झालाय, फूटपाथ असेल तिथे गाड्या उभ्या असतात, आणि उलट्या दिशेनं येणारे दुचाकीवाले तर आहेतच. शिवाय विजेवर चालणाऱ्या रिक्षा आणि स्कूटर आता इतक्या शांत असतात की उघड्या कानालाही उशिरा कळतात. मागचं आपल्याला डोळ्यांनी दिसत नाही. मागची खबर फक्त कान देतो. तो कान आपणच बंद केला तर पाठ उघडी पडली. आणि अंधाऱ्या पहाटे एकट्या बाईला मागून कुणी चालत येतंय का, हेही आधी कानालाच कळतं.

म्हणून रस्त्यावर पळणार असाल तर नियम असा. पहिला पर्याय, एकच कान. रस्त्याच्या उजव्या कडेनं, समोरून येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून पळा. मग गाड्यांचा रस्ता तुमच्या डाव्या हाताला येतो. तो डावा कान मोकळा ठेवा आणि इअरफोन उजव्या कानात घाला. वायरचा असेल तर दुसरी बाजू गळ्याशी पिनेत अडकवा, लोंबू देऊ नका.

दुसरा पर्याय, नळी बंद न करणारा इअरफोन. रबर नसलेला, नुसता वाटीत बसणारा जुन्या पद्धतीचा इअरफोन थोडा सैल असतो, पण वायर कानावरून घेतली तर तो बराच टिकतो. कानाच्या कडेला चिमट्यासारखे लागणारेही आता मिळतात. आणखी एक प्रकार कानात जातच नाही. तो कानापुढच्या हाडावर टेकतो आणि हाडातून कंप पाठवून आवाज पोचवतो. कान पूर्ण उघडे राहतात. हे थोडे महाग पडतात, पण रोज रस्त्यावर पळणारीला उपयोगी आहेत.

काही बिनवायरच्या इअरफोनमध्ये बाहेरचा गोंगाट गाळून टाकायची सोय असते. ती रस्त्यावर बंद ठेवा. बाहेरचा आवाज आत घेण्याची सोय असेल तर ती चालू करा, पण तिच्यावर सगळा भार टाकू नका. वाऱ्यात ती नीट चालत नाही.

तिसरा आणि सगळ्यात चांगला पर्याय म्हणजे जागा बदलणं. शाळेचं मैदान, गावातली आतली गल्ली, जिथे जड गाड्या येत नाहीत तिथे दोन्ही कानांत घाला. मोठ्या रस्त्यापर्यंत जाताना-येताना काढून ठेवा. आणि रस्ता ओलांडताना, मग तो कुठलाही असो, दोन्ही कान मोकळे.

आवाज किती?

जागतिक आरोग्य संघटनेनं मोठ्या माणसांसाठी दिलेली मर्यादा अशी आहे: ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत. आवाज वाढला की वेळ झपाट्यानं घटते. दर ३ डेसिबलला ती निम्मी होते. ९० डेसिबलला आठवड्याचे साधारण ४ तास उरतात, ९५ ला सव्वा तास. सैल इअरफोनचा छुपा तोटा इथे आहे. तो नीट बसत नाही, गाड्यांचा आवाज आत येतो, म्हणून आपण आवाज वाढवत नेतो. रस्त्याच्या गोंगाटावर मात करायला जाऊ नका. गाणं ऐकू येत नसेल तर गाणं बंद करा.

घरच्या घरी परीक्षा सोपी आहे. गाणं लावा आणि हातभर अंतरावर उभ्या असलेल्या कुणालातरी नेहमीच्या आवाजात बोलायला सांगा. काय म्हणतात ते समजलं नाही तर आवाज कमी करा. फोनचा आवाज साधारण निम्म्यावर ठेवणं, फार तर साठ टक्क्यांपर्यंत, ही चांगली सवय.

भिवंडीत हे मुद्दाम सांगायला हवं, कारण इथल्या कितीतरी घरांत कुणी ना कुणी यंत्रमागावर काम करतं. कारखान्यांच्या नियमांत आठ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा आहे, आणि मागांच्या शेडमधला खडखडाट तिच्याही वर जाऊ शकतो. जी ताई दिवसभर त्या आवाजात असते किंवा शेडला लागूनच राहते, तिच्या कानांचा आठवड्याचा वाटा तिथेच संपलेला असतो. तिनं पळताना कानांना विश्रांती दिली तर ती खरी मिळकत. पळून आल्यावर कानात शिट्टी वाजल्यासारखं होत असेल, किंवा आवाज कापसातून आल्यासारखे वाटत असतील, तर आवाज जास्त झाला असं समजा. कानाच्या आतल्या ज्या बारीक केसांसारख्या पेशी आवाज टिपतात, त्या एकदा मेल्या की परत येत नाहीत.

स्वच्छता आणि पावसाळा

घाम, मळ, कापसाची धूळ, सगळं रबरावर बसतं. पळून आलं की कोरड्या फडक्यानं इअरफोन पुसा. आठवड्यातून एकदा रबरं काढून साबणाच्या कोमट पाण्यात धुवा आणि पूर्ण वाळल्यावरच परत लावा. इअरफोनची जाळी मऊ, कोरड्या टूथब्रशनं साफ करा. तोंड खालच्या बाजूला धरा, म्हणजे कचरा आत जात नाही.

पावसाळ्यात कानाच्या नळीत ओल राहते आणि त्यावर रबराचं बूच बसलं की बुरशी वाढायला आयती जागा मिळते. भिजून आलात तर आधी कान बाहेरून पुसून वाळू द्या, लगेच इअरफोन घालू नका. कानात काडी, हेअरपिन, कापसाची काडी घालू नका. मळ त्यानं आतच ढकलला जातो. कानात तेल घालायची जुनी सवय असेल तर तीही सोडा. इअरफोन एकमेकींना देऊ नका, बहिणी-बहिणींनीही नाही. कानात खाज, पाणी, दुखणं, ऐकू कमी येणं यातलं काही दोन दिवसांपेक्षा जास्त राहिलं तर इअरफोन बंद आणि कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे.

भरतीच्या मुलींसाठी

महाराष्ट्र पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत मुलींना ८०० मीटर धावावं लागतं, आणि ५० पैकी २० गुण त्या एका धावण्याचे आहेत. त्या दिवशी कानात गाणं नसणार. जागतिक अॅथलेटिक्स संघटनेच्या नियमांतही स्पर्धेच्या मैदानात गाणी ऐकण्याची साधनं बाळगायला बंदी आहे. गाण्याच्या ठेक्यावर पावलं टाकायची सवय लागली, की ठेका नसताना वेग चुकतो. सुरुवातीला जास्त पळून शेवटच्या दोनशे मीटरला दम संपतो. म्हणून सावकाश, लांब पळायच्या दिवशी इअरफोन चालेल, पण वेळ लावून ८०० मीटर पळायच्या दिवशी तो घरी ठेवा. आपला श्वास कितव्या पावलाला आत येतो, कितव्या पावलाला बाहेर जातो, हे ऐकायला शिका. घड्याळाखालोखाल वेगाची खूण तीच आहे.

तर मैत्रिणींनो, उद्या सकाळी निघण्याआधी एवढं करा. ड्रॉवरमधली ती छोटी रबरं शोधा. कान पुसा, केस बांधा. वायर कानावरून आणि पाठीकडून घ्या. वीस उड्या मारून बघा. आणि मोठ्या रस्त्याला लागलात की रस्त्याच्या बाजूचा कान मोकळा ठेवा. हा कार्यक्रम पळता पळता ऐकत असाल तर तो एकाच कानानं ऐका. आम्हाला चालेल.